लकवा, तकदीर आणि आपला वाटा

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीस-संग्रहांत एक छोटासा प्रसंग नोंदलेला आहे. तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांचे सुपुत्र अबान (रह.) आपल्या वडिलांकडून ऐकलेली एक हदीस लोकांना सांगत असत. जो मनुष्य सकाळ-संध्याकाळ तीन तीन वेळा अल्लाहच्या नामाचा आश्रय घेणारी एक विशिष्ट दुआ म्हणेल, त्याला अचानक येणारी आपत्ती गाठणार नाही, असा तिचा आशय होता. पुढे अबान यांनाच फालिज झाला, म्हणजे आपण ज्याला लकवा किंवा पक्षाघात म्हणतो तो. ज्याने ही हदीस त्यांच्याच तोंडून ऐकली होती असा एक मनुष्य त्यांच्याकडे टक लावून पाहू लागला. त्या नजरेतला प्रश्न अबान यांनी ओळखला. त्यांनी शपथपूर्वक सांगितले की आपण वडिलांच्या नावे खोटे सांगितलेले नाही आणि वडिलांनीही प्रेषितांच्या (स.) नावे खोटे सांगितलेले नाही. मात्र ज्या दिवशी हे घडले त्या दिवशी आपण रागात होतो आणि दुआ म्हणावयाची विसरलो. तिर्मिजींच्या कथनात याच्या जोडीला असेही आहे की, अल्लाहने आपला निर्णय अमलात आणावा म्हणून त्या दिवशी ती म्हटली गेली नाही.

या उत्तरात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्यांकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. एक, हा अल्लाहचा निर्णय होता. दुसरी, मी विसरलो होतो. अबान यांना या दोहोंत विरोध दिसला नाही. निर्णय अल्लाहचा म्हणून त्यांनी आपली विस्मृती झाकली नाही, आणि विस्मृती आपली म्हणून निर्णयाचे स्वामित्वही स्वतःकडे घेतले नाही. आपल्या घरांत असे संकट येते तेव्हा मात्र यातले पहिलेच वाक्य तेवढे बोलले जाते. दुसरे कोणी उच्चारत नाही. मीही उच्चारले नव्हते, म्हणून हा लेख.

माझे चुलते, ज्यांना आम्ही सारे चाचा म्हणतो, एके दिवशी फजरच्या आधी वुजू करीत असता त्यांच्या उजव्या हातातला तांब्या गळून पडला. त्यांनी तो उचलावयाचा प्रयत्न केला, बोटे वळेनात. तोंड एका बाजूला ओढले गेले होते आणि काय झाले असे विचारल्यावर आलेले शब्द कोणाला समजले नाहीत. मी त्या घरातच होतो. घरातला शिकलेला मनुष्य मी, म्हणून सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, रक्तदाब वाढला असेल, थोडे पडू द्या, उजाडल्यावर डॉक्टरांना बोलावू. कोणी त्यांच्या तोंडात चमच्याने जमजम घातले, त्यांना ठसका लागला. कोणी तळपाय चोळले. नऊ वाजता डॉक्टर आले आणि त्यांनी तत्काळ शहरात नेण्यास सांगितले. आमच्या तालुक्याच्या गावी सीटी स्कॅनची सोय नाही. वाहन मिळवून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत जुहरची नमाज होऊन गेली होती. तेथील डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “हे किती वाजता सुरू झाले?” पाच वाजता, असे मी सांगितले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

त्या घड्याळाचा अर्थ मला नंतर कळला. पक्षाघात दोन प्रकारे होतो. बहुतेकांच्या बाबतीत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काहींच्या बाबतीत रक्तवाहिनी फुटून आत रक्तस्राव होतो. बाहेरून पाहून यातला फरक निश्चित ओळखता येत नाही. त्यासाठी स्कॅन करावाच लागतो. म्हणूनच घरच्या घरी रक्त पातळ करणारी गोळी देणे धोक्याचे असते. गुठळी असेल तर ती विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या साडेचार तासांतही जितके आधी दिले जाईल तितका लाभ अधिक. प्रारंभी, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ही मर्यादा तीन तासांचीच होती. २००८ साली ती वाढली. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेच्या साहाय्याने ओढून काढण्याची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते, पण ती सोय मोजक्या मोठ्या शहरांतच आहे. मोठी वाहिनी बंद पडली असता दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा एक प्रसिद्ध हिशेब आहे. आम्ही आठ तास घालविले होते. ती मिनिटे मोजण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

भेटीला येणारे येत राहिले. इयादत, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस, ही सुन्नत आहे आणि आपल्या समाजाने ती जपली आहे, ही आनंदाची गोष्ट. येणारा प्रत्येक जण खाटेजवळ बसून एक सुस्कारा टाकी आणि म्हणे, अल्लाहची मर्जी. मी मान हलवीत असे. खरे सांगावयाचे तर ते शब्द ऐकून मला हायसे वाटे. आणि ज्या दिवशी हे ध्यानात आले की मला हायसे वाटते आहे, त्या दिवसापासून त्या शब्दांची मला भीती वाटू लागली. जे वाक्य अल्लाहच्या चरणी शरणागती म्हणून उच्चारावयाचे, ते मी माझ्या आठ तासांवर पांघरूण म्हणून वापरीत होतो.

मग “मी वेळीच नेले असते तर” असे दिवसरात्र म्हणत राहावे काय? येथे सहीह मुस्लिममधील एका हदीसकडे वळले पाहिजे. प्रेषितांनी (स.) या “तर” ला सैतानाच्या कारवायांचे दार म्हटले आहे. झालेल्या आघाताबद्दल असे केले असते तर तसे झाले असते, असे म्हणू नये. अल्लाहने ठरविले आणि त्याने जे इच्छिले ते केले, असे म्हणावे, हा तिचा उपदेश आपल्या प्रवचनांतून वारंवार ऐकू येतो. परंतु वाचकहो, ही त्या हदीसची अखेर आहे. तिची सुरुवात निराळी आहे. बलवान मोमिन दुर्बल मोमिनापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय असल्याचे सांगून प्रेषित (स.) आज्ञा देतात की जे तुझ्या हिताचे आहे त्याची हाव धर, अल्लाहची मदत माग आणि हतबल होऊ नकोस. या तीन आज्ञांनंतर मग तकदीरचा स्वीकार येतो. या क्रमाला अर्थ आहे. जे शब्द धडपडीच्या शेवटी बोलावयाचे, ते आपण धडपडीच्या जागी बोलतो.

शिवाय “तर” मध्येही भेद आहे. भूतकाळ परत आणू पाहणारा, मनुष्याला खिळवून ठेवणारा “तर” निषिद्ध आहे. पण आपल्या कृत्याचा हिशेब घेणे, म्हणजे मुहासबा, हे तर मोमिनाचे नित्यकर्म. दोहोंची पारख तशी अवघड नाही. ज्या विचारानंतर मनुष्य काही करावयास उठतो तो मुहासबा. ज्यानंतर तो कूस बदलून पडून राहतो तो दुसरा.

हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग या ठिकाणी पोचले असता पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले आणि सल्लामसलतीनंतर त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की ही अल्लाहच्या तकदीरपासून पळवाट नव्हे काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, दरीचा एक उतार हिरवा व दुसरा उजाड असेल तर उंट कोठेही चारला तरी ते तकदीरनेच. हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता, लेखांत उद्धृतही केला होता. त्या पहाटे मात्र तो मला आठवला नाही. साडेचार तासांचे ते इंजेक्शनही तकदीरच होती. हिरवा उतार तोच होता.

पक्षाघाताच्या रुग्णाचे पुढे काय होणार, हे कशाकशावर अवलंबून असते? काही गोष्टी कोणाच्याच हातात नाहीत. आघात मेंदूच्या कोणत्या भागात झाला आणि किती मोठा झाला, रुग्णाचे वय काय, हे ठरून गेलेले असते. आणि पहिल्या दिवशीची तीव्रता हेच पुढील परिणामाचे सर्वांत मोठे गमक मानले जाते. येथे सब्र आणि रजा यांखेरीज दुसरा मार्ग नाही, आणि कोणी डॉक्टर वा आमील याविषयी हमी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. आपल्याकडे लकव्यावर कबुतराचे रक्त चोळण्याचा प्रकार चालतो. वाहते रक्त नापाक आहे हे जाणणारी घरेही त्या क्षणी ते विसरतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

परंतु उरलेल्या गोष्टींची यादी लहान नाही, आणि ती माणसांच्या हातांत आहे. वेळ ही पहिली. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग आणि प्रशिक्षित पथक असलेल्या रुग्णालयात ठेवल्यास मृत्यू आणि परावलंबित्व दोन्ही कमी होतात, हे अनेक अभ्यासांनी सिद्ध झालेले आहे. आणि त्या विभागांत काही चमत्कार घडत नसतात. तेथे गिळण्याची तपासणी केल्याशिवाय तोंडाने पाणी देत नाहीत, ताप आणि साखर यांवर लक्ष ठेवतात, कुशी बदलतात. चाचांना पाजलेल्या जमजमची मला येथे आठवण होते. गिळण्याची क्रिया बिघडलेल्या माणसाच्या तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. जमजमची बरकत खरी आहे. ज्याला गिळता येत नाही त्याला ते पाजावे, असे शरीअतने कोठे सांगितले आहे? ते आमचे प्रेम होते, आणि अज्ञान होते.

घाईलाही मर्यादा आहे. २०१५ साली पाच देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठवून उभे करण्याचा परिणाम अपेक्षेविरुद्ध काहीसा वाईट आढळला. म्हणजे केव्हा झोपवावे आणि केव्हा उठवावे हेही ज्ञानाचे काम आहे, उत्साहाचे नव्हे.

घरी आल्यानंतरचे दिवस मला अधिक शिकवून गेले. पक्षाघातानंतरची सुधारणा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होते, पुढे सहा महिन्यांपर्यंत मंदावत जाते, पण त्यानंतर थांबतेच असे नाही. मेंदूचे शाबूत भाग नष्ट झालेल्या भागांची कामे काही प्रमाणात शिकतात, आणि ते शिकतात केवळ पुनरावृत्तीने. एकच हालचाल शेकडो वेळा. आम्ही मात्र काय केले? चाचांची सून त्यांना घास भरवी, मुलगा कपडे चढवी, नातवंडे तांब्या धरीत. सूरह बनी इस्राईलमध्ये वृद्ध मातापित्यांपुढे नम्रतेने झुकण्याची जी आज्ञा आहे तिचेच हे पालन आहे, असे सर्वांना मनापासून वाटत होते. फिजिओथेरपिस्ट म्हणून येणारा तरुण एके दिवशी संकोचत म्हणाला, “तुम्ही त्यांची सेवा करता ते चांगलेच आहे, पण त्यांच्या हाताचे काम तुम्ही काढून घेतले आहे.” त्या वाक्याने मी बराच वेळ अस्वस्थ राहिलो. आमच्या खिदमतीतला काही भाग तरी आमच्या समाधानासाठी होता.

सब्र या शब्दाची आपण केलेली हानी मोठी आहे. सब्र म्हणजे निमूट पडून राहणे, असा अर्थ रूढ झाला आहे. कुरआन ज्यांना सब्रचा आदर्श म्हणून पुढे ठेवतो त्या हजरत अय्यूब (अलै.) यांना दीर्घ आजारानंतर शिफा मिळते तेव्हा आज्ञा काय होते? सूरह सादमध्ये पाहा. पाय जमिनीवर आपटण्याची. पाणी अल्लाहच काढणार आहे, पण पाय आजाऱ्याने हलवावयाचा आहे. हजरत मरयम (अलै.) प्रसूतीच्या वेदनांत एकाकी असता त्यांना खजुरीचे खोड हलविण्यास सांगितले जाते. त्या अवस्थेतल्या स्त्रीच्या बळाने खजुरीचे खोड ते काय हलणार! तरीही सांगितले गेले. चाचांची उजवी तर्जनी पहिल्यांदा किंचित वाकली तेव्हा आघाताला सात आठवडे झाले होते, आणि ती वाकावी म्हणून रोज दोन वेळा ते घामाने भिजेपर्यंत प्रयत्न करीत होते. सब्र मी तेथे पाहिले.

त्यांना सर्वांत अधिक दुःख एका गोष्टीचे होते. उजवा हात गेल्यामुळे डाव्या हाताने जेवावे लागे. जन्मभर ज्यांनी नातवंडांना त्यावरून टोकले ते पहिल्या दिवशी ताटापुढे बसून रडले. आमच्या इमामसाहेबांनी येऊन समजाविले की असमर्थाला सवलत ही अल्लाहचीच देणगी आहे. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना आजारपणात उभ्याने, न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्याची मोकळीक स्वतः प्रेषितांनी (स.) दिली, आणि निरोगी असता मनुष्य जी सत्कृत्ये करीत असे ती आजारपणात त्याच्या नावे लिहिली जात राहतात, हे सहीह बुखारीत आहे. चाचांना बोलता येत नव्हते, पण समजत सारे होते. त्या दिवसापासून ते जेवू लागले.

हे मी एवढ्यासाठी सांगतो की पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना नंतर खिन्नता ग्रासते, आणि खिन्न मनुष्य व्यायाम करीत नाही, औषध घेत नाही, म्हणून सुधारतही नाही. आपल्या घरांत या खिन्नतेला ईमानचा दुबळेपणा समजले जाते. रुग्ण रडला की त्याला सब्रचा उपदेश होतो. खिन्नता हा त्या आजाराचाच एक भाग आहे आणि तिच्यावर औषध आहे. पुत्रवियोगाने हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे गेले, त्यांच्या सब्रला कुरआनने सुंदर म्हटले आहे. अश्रू आणि सब्र यांचे वैर नाही.

दुसरी एक गोष्ट. चाचांना “पाणी” हा शब्द सापडत नसे. डोळ्यांनी मागत, हातवारे करीत, चिडत. परंतु नमाजमध्ये सूरह फातिहा ते अडखळत का होईना, पूर्ण म्हणत. गावात याची चर्चा झाली, करामत म्हणून लोक पाहावयास आले. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले की हे अनेक रुग्णांत दिसते. हजारो वेळा म्हटलेले शब्द, अंकांची मालिका, पाठ असलेली गाणी मेंदूत निराळ्या रीतीने टिकून राहतात, आणि त्यांचा आधार घेऊन पुढचे बोलणे शिकविता येते. काहींना हे स्पष्टीकरण रुचले नाही. मला मात्र त्यात काही उणे वाटले नाही. साठ वर्षे रोज उच्चारलेले शब्द संकटात टिकून राहावेत, अशी व्यवस्था ज्याने केली तो कोण?

आता एक कटू गोष्ट. केवळ कुटुंबाच्या मायेवर हे काम होईल, असे मानणे चूक ठरले आहे. आपल्याच देशात १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर एक अभ्यास झाला. घरच्या माणसांना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्यायाम करवून घेतल्यास लाभ होतो काय, हे पाहण्यासाठी. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सहा महिन्यांनंतर फरक आढळला नाही. भारतीय कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांना, ज्यांत मीही आहे, हे पचविणे जड जाते. जाणत्या हातांची गरज असते आणि ते हात महाग असतात. आमच्याकडे चाचांसाठी खर्च करण्याइतके होते. त्याच वॉर्डातल्या एका हमालाकडे नव्हते. त्याचा आघात चाचांपेक्षा सौम्य होता, असे डॉक्टर म्हणत. आज तो चाचांपेक्षा कमी चालतो. हा फरक अल्लाहच्या निर्णयाच्या खात्यात टाकून मोकळे होण्याचे धाडस आपण करणार आहोत काय?

फर्जे किफाया म्हणजे जे कर्तव्य काहींनी केले तर सर्व सुटतात आणि कोणीच न केले तर सर्व दोषी ठरतात. जनाज्याच्या नमाजसंबंधी आपण हा नियम जाणतो. गावातला मनुष्य मेल्यावर त्याच्यासाठी सारा गाव उत्तरदायी. तो अर्धा जिवंत पडला असता मात्र त्याचे घरच तेवढे उत्तरदायी, हे कसे? आमच्या तालुक्यात मशिदीच्या मिनारासाठी वर्गणी दोन महिन्यांत जमली, याचा मला आनंद आहे. जकातीच्या पैशातून एखाद्या निर्धन रुग्णाच्या सहा महिन्यांच्या फिजिओथेरपीचा खर्च त्याच्या हाती ठेवता येतो, आणि आपल्या मुलींनी हे शिक्षण घेतले तर पडद्यामुळे उपचारांपासून वंचित राहणाऱ्या स्त्रियांचा प्रश्नही सुटतो, हे मात्र कोणाच्या मनात आले नाही. हजरत रुबय्यिअ बिन्त मुअव्विज (रजि.) व त्यांच्या सोबतिणी प्रेषितांच्या (स.) काळात जखमींची शुश्रूषा करीत असत. ही परंपरा आपली आहे.

माझ्या आठ तासांचा हिशेब अजून बाकी होता. माणसाचा हक्क माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही, हे मी इतरांना अनेकदा लिहून सांगितले आहे. एका संध्याकाळी असरनंतर चाचा एकटे असताना मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितले की त्या पहाटे थांबावयास मी सांगितले होते. लवकर नेले असते तर कदाचित इंजेक्शन देता आले असते. मला माफ करा. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग डाव्या हाताने त्यांनी खिशातून औषधांची पट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. शेवटी आला. “गोळी,” ते म्हणाले, आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवले.

मला समजावयास थोडा वेळ लागला. रक्तदाबाची गोळी त्यांनी आघाताच्या दोन महिने आधी, बरे वाटते म्हणून, कोणाला न सांगता बंद केली होती. पक्षाघाताच्या कारणांत उच्च रक्तदाबाइतके मोठे कारण दुसरे नाही, हे त्यांना रुग्णालयातच सांगितले गेले होते. इतके महिने ते मनात बाळगून होते आणि सांगण्यासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता.

मी काही बोलणार तोच त्यांनी घड्याळाकडे हात केला. व्यायामाची वेळ झाली होती. मी काठी त्यांच्या हाती दिली आणि उठावयास मदत करण्यासाठी पुढे झालो. त्यांनी मला हातानेच थांबविले.